फुटामागे सूतभर

फाउंड्रीच्या जागेवर सहा इमारती उठत होत्या आणि प्रत्येकीला एकेका धातूचं नाव मिळालं होतं: कॉपर, ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड, टायटॅनियम आणि प्लॅटिनम. ज्या लोखंडाने या जागेवर तीन पिढ्यांची पोटं भरली, त्याच्या वाट्याला मात्र एकही इमारत आली नाही. लोखंड म्हटलं की गिऱ्हाइकाला गंज आठवतो, असं विक्री खात्याचं मत पडलं. जुन्या कामगारांसाठी मागच्या कुंपणाला चिकटून एक सातवी इमारत झाली होती. तिला नावच नव्हतं. तिला सगळे 'मागची' म्हणत.

जुन्यापैकी एकच गोष्ट राखली होती, ती म्हणजे धुराडं. त्याला विटकरी रंग दिला, शेंड्यावर दिवे लावले आणि जाहिरातीत त्याचा फोटो छापला. आयुष्यभर ज्या धुराड्याच्या नावाने वस्तीने बोटं मोडली, ज्याच्यापायी बायकांनी धुतलेले कपडे पुन्हा धुतले, ते आता परिसराची शान झालं होतं. माणसांचंही असंच असतं म्हणा. धूर ओकायचं थांबलं की मान मिळायला लागतो.

वहिनींना सगळी वस्ती वहिनीच म्हणे. तसं म्हणण्याचा खरा हक्क एकट्या भाऊजींचा, म्हणजे त्यांच्या धाकट्या दिराचा. बाकीच्यांनी तो परस्पर उचलला होता. वहिनींनी उभं आयुष्य शिवणयंत्रावर काढलं. समोरच्याचा खांदा त्या नुसत्या नजरेने मोजत, आणि वस्तीत कुणाचं पोट सुटायला लागलं हे त्याच्या बायकोच्या आधी त्यांना कळे. भाऊजी शेजारच्याच खोलीत राहत. त्यांची बायको जाऊनही बरीच वर्षं झाली होती, तेव्हापासून दोन्ही घरांचं भांडणही एकाच चुलीवर शिजत असे.

फाउंड्रीत भाऊजींचं काम पॅटर्नचं. लोखंडाची जी वस्तू ओतायची, तिचा आधी लाकडात हुबेहूब नमुना करायचा. तो नमुना वाळूत दाबला की साचा होतो आणि साच्यात लोखंडाचा रस ओततात. त्या कामात भाऊजींचा हात धरणारा कुणी नव्हता. घरकामात मात्र त्याच हाताला काय होई, देव जाणे. त्यांनी वहिनींच्या कोनाड्यासाठी केलेलं कपाट कोनाड्यात गेलं नाही. ते जन्मभर कोनाड्यासमोर उभं राहिलं, दारात अडवलेल्या पाहुण्यासारखं. त्यांनी केलेलं दार चौकटीत बसेना, तेव्हा चौकट तासावी लागली.

"भाऊजींचं सगळं जरा अंगाला सैल," वहिनी म्हणत.

"माप बरोबर आहे, वहिनी. तुमचं घर आटलंय," भाऊजी म्हणत.

अशा या थट्टेच्या घरात एका गोष्टीबद्दल मात्र कुणी थट्टा करत नसे.

वहिनींचे यजमान फाउंड्रीत रस ओतायच्या कामावर होते. रस भरलेलं भांडं, ज्याला तिथे लॅडल म्हणत, ते क्रेनने यायचं आणि यांनी वरच्या फळीवर उभं राहून ते साच्यापर्यंत न्यायचं. एका दुपारी यांचा पाय घसरला आणि हे त्या लॅडलमध्ये गेले. एवढंच. याच्यापुढे सांगण्यासारखं काही नाही, कारण पुढे काही उरतच नाही. घरी आणायलाही उरत नाही. वहिनी तेव्हा पोटुशी होत्या, आणि त्यांना कुणी काही दाखवायचा प्रश्नच आला नाही.

फाउंड्रीवाल्यांची अशा वेळची एक रीत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती, पण मोडायची छाती मालकालाही नव्हती. त्या रसाची कुठलीही वस्तू ओतायची नाही. तो वेगळा गरम राखायचा, त्याचा एक साधा ठोकळा ओतायचा, आणि ठोकळा कारखान्याच्या जमिनीत पुरायचा. ठोकळ्यासाठी साचा लागतो आणि साच्यासाठी नमुना. नमुना करणारा माणूस फाउंड्रीत एकच होता. भाऊजींनी त्या दिवशी आपल्या थोरल्या भावाचा नमुना केला.

पुरलं त्या जागी खूण ठेवायची नाही, एवढी एक अट मालकांनी घातली. कामगारांच्या नजरेला ती रोज पडेल आणि हात कापतील, असं त्यांचं म्हणणं. मग भाऊजींनी माप घेऊन ठेवलं: धुराड्याच्या पायापासून निघायचं, फाटकाच्या दगडी खांबाच्या रोखाने सरळ चालायचं, दोनशे चाळीस फूट. आठवड्याभरात त्या जागेवर कोळशाचा ढीग पडला. वहिनींनी ती जागा कधी पायाखालून पाहिली नाही. कुंपणाबाहेरून ढीग दिसायचा, तेवढाच. बाजारात जाता-येता त्या तिथे पिशवी खाली ठेवून जरा थांबत. पिशवी जड नसली तरी थांबत.

आणखी एक बारीकशी गोष्ट. त्याच दिवशी दोरीवर वाळत घातलेला यांचा निळा सदरा नाहीसा झाला. वहिनींनीच शिवलेला. तीन दारं सोडून राहणाऱ्या बाईवर त्यांचा संशय होता, कारण तिच्या नवऱ्याला निळा रंग आवडायचा. त्या दिवसापासून वहिनी तिच्याशी बोलल्या नाहीत. ती बाई वारली, तरी बोलल्या नाहीत.

*

फाउंड्री बंद झाली, शेड पाडल्या, कोळशाचे ढीग उचलले, जमीन सपाट केली. एके दिवशी वहिनी भाऊजींना पुढे घालून साइट ऑफिसात जाऊन उभ्या राहिल्या. तिथे एक इंजिनीअर मुलगी होती. डोक्यावरचं हेल्मेट तिला दोन मापं मोठं होतं. वहिनींच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"बसा ना, आजी. काय काम होतं?"

"तुमच्या आवारात एक गोष्ट पुरलेली आहे. ती काढून हवी आहे."

"काय पुरलंय?"

"आमचे हे."

मुलगी उठून उभी राहिली.

"म्हणजे लोखंड आहे," भाऊजी घाईघाईने म्हणाले. "ठोकळा आहे, बाई. घाबरू नका."

"लोखंडात हे आहेत," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही मध्ये बोलू नका, भाऊजी. तिला उगीच सोपं करून सांगू नका."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मुलीने नकाशा पसरला, धुराड्यापासून पट्टी फिरवली आणि एका चौकोनावर बोट ठेवलं.

"आजी, इथे क्लबहाउस येतंय."

"तिथे काय करतात?"

"व्यायाम. पट्ट्यावर पळतात लोक. पट्टा फिरतो, माणूस तिथेच असतो."

"म्हणजे यांच्या डोक्यावर माणसं पळणार?"

"हो."

"आणि पोचणार कुठे?"

याचं उत्तर अजून कुणालाच सुचलेलं नाही.

"हे बघ पोरी," वहिनी जरा पुढे सरकल्या, "मला तुझं क्लबहाउस अडवायचं नाही. लोकांना पळू दे. मला फक्त हे तिथून उचलून माझ्या दाराशी हवे आहेत. मागच्या इमारतीच्या भिंतीलगत हातभर जागा आहे, तिथे पुरेन. इतकी वर्षं कुंपणाबाहेर उभी राहिले. आता मी आत राहायला येते आहे आणि यांच्यावर काँक्रीट पडणार, हे मला नाही चालायचं."

"सोमवारी सकाळीच पडणार आहे," मुलगी म्हणाली. "पलीकडच्या सळ्यासुद्धा बांधून झाल्यात."

"मग वरच्यांना विचार."

"वरच्यांना विचारलं तर ते कायदा खात्याला विचारतील, आणि कायदा खातं पुढच्या वर्षी विचारेल की आजोबा कुठल्या विभागात होते." तिने हेल्मेट मागे सारलं. "त्यापेक्षा शनिवारी जेवणाच्या सुट्टीत या. मशीन मोकळं असतं. एक चर मारून देते. एकच हं, आजी."

"एकच पुरे," भाऊजी म्हणाले. "माप माझं आहे."

*

शनिवारी ही दोघं पोचली तेव्हा तिथे आधीच एक गृहस्थ प्लास्टिकच्या खुर्चीवर छत्री उघडून बसले होते. ते भंगारवाले शेठ. जमिनीच्या वर आणि खाली जो काही धातू सापडेल तो त्यांचा, असा त्यांचा करार होता. गेल्या महिन्यात एका मजुराने हरवलेली घराची किल्लीसुद्धा त्यांनी आधी ताब्यात घेतली होती आणि मग माणुसकी म्हणून परत दिली होती.

"नमस्कार, मावशी," शेठ म्हणाले. "निघालं की मला जरा बघू द्या. गैरसमज नको. धंदा आहे."

वहिनींनी नुसता त्यांचा खांदा मोजला.

मुलीने कुठून तरी धातू शोधायचं यंत्र पैदा केलं होतं. ते जमिनीला लावताच कोकलायला लागलं. इकडे नेलं तरी कोकले, तिकडे नेलं तरी कोकले. तीन पिढ्यांचा गाळ आणि कीस त्या मातीत मुरला होता. तिथली मातीच निम्मी लोखंडाची. शेवटी ते बंद करून मुलीने आपला टेप काढला, धुराड्याच्या पायाला माणूस उभा केला, आणि फाटकाच्या खांबाच्या रोखाने दोनशे चाळीस फूट मोजून खडू मारला. भाऊजी टेपच्या बाजूने असे चालले, जसा कुणी वरातीबरोबर चालतो.

सळ्यांच्या जाळीमुळे मशीनला आडवंच उभं राहावं लागलं. चर पडला तोही आडवा, बादलीच्या रुंदीचा, खडूची खूण बरोबर मधोमध धरून. एक पुरुष खोल गेले. काळी माती निघाली, मग पिवळी माती निघाली, आणि मग ती माती निघाली जिला कुणी कधी हातच लावलेला नव्हता.

"याच्या खाली नसणार," मुलगी हळूच म्हणाली.

"माप बरोबर आहे," भाऊजी म्हणाले.

"काका, मी तीनदा मोजलं."

"मग तीनदा बरोबर आहे." ते चराच्या काठावर ओणवे झाले. "माप बरोबर आहे."

शेठ छत्री मिटून निघून गेले. त्यांनाही तिथे बसवेना.

वहिनी चरात बघत होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, "भाऊजी, पुरलं होतंत ना?"

"वहिनी!"

"नाही, विचारते. मी काही तिथे नव्हते. तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं. मालकांनी सांगितलं असेल की एवढं लोखंड मातीत कशाला घालता. तुम्ही तरुण होतात, नोकरी होती. मला सांगायला माप दिलंत. सोपं होतं."

भाऊजी उठले, गुडघ्यांची माती झटकली आणि धुराड्याकडे पाठ करून चालायला लागले.

हे गेले त्या वर्षी फाउंड्रीने गटारांच्या झाकणांची मोठी ऑर्डर पुरी केली होती. सगळ्या शहरात ती झाकणं होती आणि प्रत्येकावर कारखान्याचा शिक्का उठवलेला होता. त्या झाकणांवरून वहिनींनी हजार वेळा भाजी आणली होती, आपल्या लेकीला शाळेत नेलं होतं, अगदी पावलाला लागलेला चिखलही पुसला होता. आपण इतकी वर्षं कुणावर पाय दिला असेल हे मनात आलं आणि त्या रस्त्यात थबकल्या. मग वाटेतल्या प्रत्येक झाकणाला वळसा घालत त्या घरी गेल्या. लोकांना वाटलं, म्हातारीला चक्कर येते आहे.

*

रविवारी सामान 'मागची'त हलवायचं होतं. ठरलेलं काम ठरल्या दिवशी करण्याची दोन्ही घरांना सवय होती, त्यामुळे अबोला धरूनही दोघं हजर राहिली. अबोला वहिनींनी नेटाने चालवला होता. ज्याच्याशी बोलायचं नाही त्यालाच सामान कुठे ठेवायचं ते सांगायचं होतं, तेव्हा त्या कपाटाशी बोलत.

"पलंग खिडकीखाली ठेवायचा म्हणावं. कपाटा, तुला कोनाडाच नाही इथे. सुटलास."

भाऊजींनी नव्या स्वयंपाकघरासाठी एक फळी करून ठेवली होती. दोन भिंतींच्या मधली जागा, तिथे बसायची. सागाची, रंधा मारून आरशासारखी केलेली. ती त्यांनी खांद्यावरून आणली, काही न बोलता उचलून धरली आणि आत सारली. एक टोक गेलं. दुसरं जाईना. त्यांनी तिरकी करून पाहिली, उलटी करून पाहिली. फळी आपली भिंतीला टेकून उभी.

"माप बरोबर आहे," भाऊजी सवयीने पुटपुटले.

कालचेच शब्द, कालचाच आवाज. वहिनींचा अबोला तिथे तुटला.

"बरोबर, बरोबर! जन्मभर बरोबर! कपाट बरोबर, दार बरोबर, दोनशे चाळीस फूट बरोबर! आणा इकडे!" गळ्यात अडकवलेला शिवणाचा टेप त्यांनी ओढला आणि फळीवर टाकला. "किती सांगितलं होतं भिंतीचं?"

"चार फूट. तुमच्याच टेपने घेतलं होतं. तुमच्यासमोर."

"आणि ही फळी आहे चार फूट अर्धा इंच. कापली कशाने?"

भाऊजींनी खिशातून पट्टी काढली. दोन फुटी, घडीची, कडा हाताने झिजून गोल झालेल्या. ती त्यांच्या खिशात पहिल्या नोकरीपासून होती. त्यांची बायको म्हणायची की माझ्या आधी हिच्याशी लग्न झालं.

वहिनींनी पट्टी उलगडली आणि टेपाला टेप लावावा तशी शेजारी ठेवली. एका टोकाला दोन्ही जुळवली. पहिल्या फुटाशी पट्टीची रेघ टेपाच्या रेघेपुढे गेली होती. फार नाही. दोऱ्याच्या रिळाच्या कडेएवढी. दुसऱ्या फुटाशी त्याच्या दुप्पट.

"भाऊजी, तुमची पट्टी खोटी आहे."

"खोटी?" भाऊजी दुखावले. कालच्या आरोपाने दुखावले नसतील इतके. "पॅटर्नची पट्टी आहे ती, वहिनी. फुटामागे सूतभर वाढीव असते. आठ सूत म्हणजे इंच. लोखंड रस असताना साचा भरून असतं, निवलं की आकसतं. म्हणून नमुना तेवढा मोठा करायचा. दर वेळी कोण हिशेब करत बसणार? म्हणून पट्टीच तशी करतात. तिच्यावरचा फूट हा लोखंडाचा फूट."

"कोरं कापड," वहिनी म्हणाल्या. "धुतलं की आटतं, म्हणून बेतताना जास्त धरायचं."

"अगदी तसंच."

"आणि फळी? फळी निवताना आकसते?"

"फळी कशी..." भाऊजी थांबले. त्यांनी फळीकडे पाहिलं, मग दाराबाहेर उभ्या असलेल्या कपाटाकडे पाहिलं. "घरी दुसरी पट्टी होतीच कुठे. हाताला हीच लागायची."

वहिनींनी टेप गुंडाळायला घेतला आणि अर्ध्यातच त्यांचा हात थांबला. बोलल्या तेव्हा आवाज अगदी खाली आला होता.

"भाऊजी. त्या दिवशी धुराड्यापासून कशाने मोजलंत?"

"दहा फुटी काठी कापली होती. ती टाकत टाकत गेलो."

"काठी कशाने आखलीत?"

भाऊजींचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता, कारण पट्टी वहिनींच्या समोर पडली होती. ते खाली फरशीवर बसले.

"दुपारपासून नमुना करत होतो," ते म्हणाले. "हीच हातात होती. दुसरं काही सुचतच नव्हतं." मग थोड्या वेळाने, "जमीन काही निवताना आकसत नाही, वहिनी."

"किती?"

"दोनशे चाळीस सूत." बोटं आपोआप हलायला लागली. "तीस इंच. अडीच फूट. अडीच फूट पुढे आहे तो." आणि इतकी वर्षं जो माणूस वहिनींसमोर कधी रडला नव्हता, तो फळीला टेकून हमसून हमसून रडला.

वहिनींनी रडू दिलं. मग पाण्याचा तांब्या पुढे केला.

"मी काल बोलले ते..."

"माप बरोबर होतं," भाऊजी नाक पुसत म्हणाले.

"होतं हो. मीच चुकीच्या टेपाने मोजलं तुम्हाला."

*

सोमवारी सकाळी काँक्रीटच्या गाड्या फाटकात पोट फिरवत उभ्या होत्या. गाडीतला माल फार वेळ थांबत नाही, तो आतल्या आत बसायला लागतो. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते. चर अजून बुजवलेला नव्हता, त्यासाठी मजूर फावडी घेऊन आलेच होते. इंजिनीअर मुलीने भाऊजींची पट्टी आपल्या टेपाला लावून पाहिली, एकदाच, आणि चराकडे धावली.

"फावडी ठेवा! पहार आणा!"

"मॅडम, गाड्या..."

"गाड्यांना म्हणावं फिरत राहा!"

धुराड्याच्या विरुद्ध बाजूच्या चराच्या भिंतीत पहार मारली. माती ढासळली. दुसऱ्यांदा मारली आणि पहारेचा आवाज बदलला. तो आवाज भाऊजींनी ओळखला असावा, कारण ते तिथल्या तिथे ताठ उभे राहिले. शनिवारच्या चरापासून अंतर होतं चार बोटं. चार बोटं माती मध्ये ठेवून मशीन शेजारून खाली गेलं होतं.

मुलीने वरच्या काही सळ्या कापायला सांगितल्या. कापल्या. मग मशीनने पट्टे लावून ठोकळा वर घेतला. तो सावकाश फिरत वर आला, आणि फाटकातले हॉर्न कुणी न सांगता बंद झाले. काठावर लाकडाच्या ओंडक्यांवर त्याला टेकवलं. काळसर, गंजाने माखलेला, ट्रंकेएवढा. बघणाऱ्याला वाटावं, काहीच नाही. वहिनींना तसं वाटलं नाही. त्यांनी त्याच्यावरची माती आधी हाताने झाडली, जशी कामावरून आलेल्या माणसाच्या पाठीवरची झाडतात.

भंगारवाले शेठ पुढे आले. मुलीने हेल्मेट सरळ केलं आणि भांडणाच्या तयारीने ती त्यांच्या आणि ठोकळ्याच्या मध्ये उभी राहिली. शेठनी ठोकळ्याभोवती एक फेरी मारली, नखाने गंज खरवडला, खाली वाकून पाहिलं. चप्पल पायातून काढली होती, हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नसावं.

"मावशी," ते म्हणाले, "माझ्या करारात धातू आहे. माणूस नाही." आणि चप्पल हातातच घेऊन ते फाटकाकडे गेले.

विक्री खात्याचा एक साहेब मात्र गर्दी बघून आला होता. त्याला ठोकळा फार आवडला. प्रवेशद्वाराशी चौथऱ्यावर ठेवू, म्हणाला. खालून दिवे सोडू, इतिहासाचा स्पर्श येईल.

"नको," वहिनी म्हणाल्या. "यांना झोपताना उजेड चालत नसे."

त्या ठोकळ्याजवळच बसून राहिल्या. हात त्याच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. मग कपाळाला आठ्या घालून त्यांनी गळ्यातला टेप काढला आणि आडवा धरला. अठरा इंच. टेपाची रेघ आणि लोखंडाची कड एकमेकींवर अशी बसली की मध्ये सुई शिरली नसती.

"भाऊजी, याची रुंदी कुठून घेतलीत?"

भाऊजी धुराड्याकडे बघायला लागले.

"भाऊजी."

"दोरीवर सदरा होता," भाऊजी म्हणाले. "नुसता चौकोन कसा करायचा, वहिनी? कुणाचं तरी माप हवं ना. तुमच्याच टेपाने खांद्यावरून घेतलं."

"निळा?"

"निळा."

"आणि सदरा?"

"खाली अंथरला. नुसत्या मातीवर कसं ठेवायचं. तुम्हाला सांगणार होतो. तुम्ही त्या बाईवर इतक्या चिडला होतात की मग धीरच झाला नाही."

वहिनींनी डोळे मिटले. तीन दारं सोडून राहणारी ती बाई, तिची न घेतलेली हाक, दारावरून परत गेलेली तिची वाटी, सगळं एका क्षणात पुढ्यात येऊन बसलं. ते देणं आता कुणाकडे फेडायचं होतं, कोण जाणे.

"अठरा बरोबर आलेत," त्या शेवटी म्हणाल्या. "सूतभर फरक नाही."

"लोखंडाचं काम होतं ना," भाऊजी म्हणाले. "मग येणारच."

दुपारपर्यंत 'मागची'च्या भिंतीलगत खड्डा झाला. खाली अंथरायला वहिनींनी पेटीतून एक न धुतलेलं कोरं कापड काढलं, चारी बाजूंनी चांगलं सैल धरून. ठोकळा खाली गेला तेव्हा मजूर, इंजिनीअर मुलगी आणि फाटकातून पायी आलेले दोन ड्रायव्हर हेल्मेटं हातात घेऊन उभे होते. मुलीने आपला टेप काढून विचारलं, "भिंतीपासूनचं माप घेऊन ठेवू का, आजी?"

"घे. तुझ्या टेपाने एकदा आणि भाऊजींच्या पट्टीने एकदा. आणि कुठलं कुणाचं तेही सांगून ठेव."

संध्याकाळी वहिनी जुन्या खोलीची किल्ली द्यायला निघाल्या. भाऊजी सोबत होते. त्यांच्या काखेत रंधा होता, कारण फळी अजून अर्धा इंच तासायची होती.

"राहू द्या ती फळी," वहिनी म्हणाल्या. "भिंत खरवडून घेऊ."

वाटेत, जुन्या फाटकापाशी, रस्त्याच्या मधोमध एक गटाराचं झाकण होतं. शिक्का झिजून पुसट झाला होता, पण वाचता येत होता. दोन दिवस वहिनी त्याला वळसा घालत होत्या. आज त्या सरळ गेल्या. झाकणावर दोन्ही पाय ठेवून क्षणभर उभ्या राहिल्या, हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि पुढे चालायला लागल्या.